बुरशीचं घराणं कसं ओळखायचं?

१९९६ साली दक्षिण कोरियातल्या एका रुग्णाच्या रक्तातून यीस्ट वाढलं. रक्तात यीस्ट सापडणं ही केव्हाही वाईट बातमी. पण हे यीस्ट नेमकं कोणतं, ते नेहमीच्या चाचण्यांमधून धड कळेना. नमुना जपून ठेवला गेला. पंधरा वर्षांनी, २०११ मध्ये, कोरियन संशोधकांनी या जुन्या नमुन्याबद्दल लिहिलं. तोवर त्याच्या डीएनएचा एक तुकडा वाचून झाला होता आणि ओळख पटली होती. गंमत अशी, की १९९६ मध्ये कोणी कितीही हुशारीने शोधलं असतं तरी बरोबर नाव सापडलं नसतं, कारण तेव्हा या बुरशीला नावच नव्हतं.

नाव मिळालं २००९ मध्ये. टोकियोतल्या एका रुग्णालयात दाखल असलेल्या सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातून एक यीस्ट निघालं. जपानी संशोधकांनी त्याची जनुकीय अक्षरं ओळखीच्या यीस्टशी ताडून पाहिली. ती कुठेच जुळेनात, म्हणून नवी जात जाहीर केली : कॅन्डिडा ऑरिस. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कानाची. कानात सापडली, कानाची झाली. तेव्हा कोणाला वाटलंही नसेल, की १३ वर्षांनी, २०२२ च्या ऑक्टोबरात, जागतिक आरोग्य संघटना धोकादायक बुरशांची आपली पहिली यादी काढेल आणि तिच्या सर्वांत वरच्या गटातल्या चार नावांत हे नाव असेल.

मला या बुरशीपेक्षाही तिला ओळखण्याच्या पद्धतींचा इतिहास जास्त ओढून घेतो. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात घरोघरी 'काळी बुरशी' हा शब्द पोहोचला. तोपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांसाठी बुरशी म्हणजे लोणच्यावर किंवा शिळ्या पावावर येणारी पांढरी-हिरवी लव. बुरशीने माणूस दगावतो हे तेव्हा कळलं. पण बुरशी 'कोणती' हे ठरवायचं कसं, आणि त्यातही शेजारच्या दोन खाटांवरच्या रुग्णांमध्ये सापडलेली बुरशी 'एकच' आहे का, हे कसं सांगायचं, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. आयसीयूत पुष्कळ काही त्या उत्तरावर अवलंबून असतं.

आधी थोडं यीस्टबद्दल. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पाव फुगवणारं आणि द्राक्षाची वाइन करणारं यीस्ट आपल्या परिचयाचं. कॅन्डिडा हे त्याचे लांबचे भाऊबंद. त्यातली कॅन्डिडा अल्बिकन्स बहुतेकांच्या तोंडात, आतड्यात गुपचूप राहते आणि प्रतिकारशक्ती ढासळली की डोकं वर काढते. सूक्ष्मदर्शकाखाली ही मंडळी जवळपास सारखीच दिसतात, गोल किंवा लंबगोल. म्हणून जुन्या प्रयोगशाळांनी ओळखीसाठी वेगळी युक्ती काढली : कोणाला काय खायला आवडतं ते बघायचं. ही साखर पचते का, ती पचते का, या तापमानाला वाढते का. पुढे हेच काम यंत्रं करू लागली. यंत्राच्या आत एक यादी असते. समोरच्या यीस्टच्या खाण्यापिण्याच्या सवयी तो त्या यादीशी ताडतो आणि सर्वांत जवळचं नाव छापून देतो.

इथेच घोळ आहे. यादीत नसलेला पाहुणा आला तर यंत्र 'माहीत नाही' म्हणेलच असं नाही. ते बऱ्याचदा जवळचं एखादं नाव चिकटवून देतं. कॅन्डिडा ऑरिसचं असंच झालं. कोरियातल्या नमुन्यांना यंत्रांनी कधी कॅन्डिडा हेम्युलोनी म्हटलं, कधी ऱ्होडोटोरुला ग्लुटिनिस. चुकीच्या नावामुळे चुकीचं औषध सुरू होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे, वॉर्डात एकाच बुरशीचे चार रुग्ण असले आणि चौघांच्या कागदावर वेगवेगळी नावं असली, तर साथ सुरू आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

कोण काय खातो यावरून ओळखण्याऐवजी थेट डीएनए बघायची कल्पना यीस्टच्या बाबतीत १९८० च्या दशकात रुजली. त्यामागची मूळ गोष्ट माणसांच्या डीएनएची आहे. १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांच्या लक्षात आलं, की आपल्या डीएनएमध्ये काही तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि ते किती वेळा येतात हे माणसागणिक बदलतं. त्यातून डीएनएचा ठसा निघाला, पितृत्वाच्या आणि खुनाच्या खटल्यांत पोहोचला. १९८७ मध्ये आणखी एक मजेशीर गोष्ट कळली. एम-१३ नावाचा एक विषाणू आहे, तो जिवाणूंवर जगतो. त्याच्या डीएनएमधला एक छोटा तुकडा माणसांच्या आणि जनावरांच्या डीएनएमधल्या अशाच पुनरावृत्तींना जाऊन चिकटतो. विषाणू जिवाणूचा, ठसा माणसाचा. हा एम-१३ लक्षात ठेवा, तो दिल्लीत पुन्हा भेटणार आहे.

१९८८ मध्ये कॅन्डिडा अल्बिकन्सच्या डीएनएतला असाच एक विखुरलेला, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा सापडला. त्याचं नाव २७-ए. यीस्टचा डीएनए कापायचा, जेलमध्ये लांबीनुसार वेगळा करायचा, त्यावर किरणोत्सर्गी २७-ए सोडायचा. तो जिथे चिकटेल तिथे काळी पट्टी उमटते. पट्ट्यांची रचना म्हणजे त्या वाणाचा ठसा. दोन रुग्णांच्या पट्ट्या जुळल्या तर संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे गेला असण्याची शक्यता मोठी.

हे तंत्र एकाच जातीतले वाण वेगळे करायला निघालं होतं, आणि डब्लिनमध्ये त्याने भलतंच काही दाखवलं. एड्सच्या रुग्णांच्या तोंडातली यीस्ट तपासताना तिथल्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या डेरेक सलिव्हन, डेव्हिड कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही नमुने असे दिसले, की बाकी सगळ्या कसोट्यांवर ते अल्बिकन्सच वाटत होते, पण २७-ए त्यांना नीट चिकटतच नव्हता. पट्ट्या फिकट आल्या. अशा वेळी 'प्रयोग फसला' म्हणून जेल फेकून देणं सगळ्यांत सोपं. त्यांनी तसं केलं नाही. आणखी खुणा तपासल्या आणि १९९५ मध्ये नवी जात जाहीर केली : कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस. मग लोक जुने संग्रह उघडून बघू लागले आणि १९५७ सालचा एक नमुनासुद्धा हीच जात निघाला. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं ती दुसऱ्याच नावाने कपाटात होती.

दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या वाचकांना हेळवी माहीत असतील. बैलावर बसून गावोगाव जायचे आणि प्रत्येक घराची वंशावळ म्हणून दाखवायचे. तुमचे पणजोबा कोणत्या गावाहून आले, त्यांचे भाऊ कुठे गेले, कोणती शाखा कधी फुटली. आडनाव सारखं असलं म्हणून हेळवी दोन घरांना एक म्हणत नाही, आणि आडनावं वेगळी असली तरी मूळ एक असेल तर सांगतो. डीएनएच्या खुणांचं काम मला तसंच वाटतं. यंत्राने दिलेलं नाव हे नुसतं आडनाव.

आता दिल्ली. २००९ नंतर दिल्लीतल्या रुग्णालयांमध्ये रक्तातल्या कॅन्डिडा संसर्गात एक चिवट प्रकार दिसू लागला. फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला तो दाद देत नव्हता. वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णालयांतल्या १२ रुग्णांचे नमुने घेतले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. बुरशी कॅन्डिडा ऑरिस होती, हे जनुकीय अक्षरांवरून ठरलं. पण ते तिथे थांबले नाहीत. दोन वेगळे ठसे घेतले. एक एम-१३ चा, तोच जिवाणूच्या विषाणूतून आलेला तुकडा. दुसरा एएफएलपी नावाच्या पद्धतीचा. त्यात डीएनए विशिष्ट जागी कापणाऱ्या विकरांनी कापतात, तुकड्यांच्या टोकांना ओळखीचे छोटे धागे जोडतात, आणि त्यातल्या निवडक तुकड्यांच्या प्रती काढून लांबीनुसार मांडतात. किराणा दुकानातल्या पुड्यावर असतो तसा बारकोड तयार होतो.

दिल्लीचे नमुने एकमेकांशी जुळले. जपान आणि कोरियाच्या नमुन्यांशी मात्र जुळले नाहीत. जात एक, पण दिल्लीतला वाण वेगळा, आणि दिल्लीत तो एकाच मुळापासून पसरलेला. पुढच्याच वर्षी उत्तर आणि दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांमधले नमुने तपासले गेले, तेही या वाणाचेच निघाले. या एका वाक्याकडे जरा थांबून बघायला हवं. बुरशीला पाय नसतात. एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या रुग्णालयांमध्ये एकच वाण सापडतो, तेव्हा तो कशावर तरी बसून आलेला असतो. ठसा इतकंच सांगतो की नातं आहे. प्रवास कसा झाला ते सांगत नाही.

भारताबाहेर याची दखल घ्यायला थोडा वेळ लागला. २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सीडीसीने रुग्णालयांना इशारा दिला. त्याच सुमारास तिथल्या शॉन लॉकहार्ट यांच्यासह अनेक देशांतल्या संशोधकांनी ५४ रुग्णांचे नमुने जमवले, पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला इथले, २०१२ ते २०१५ या काळातले. जोडीला जपानचा तो मूळ नमुना. आता पट्ट्या मोजायची गरज नव्हती. प्रत्येकाचा सगळाच्या सगळा जीनोम, सुमारे सव्वा कोटी अक्षरं, वाचून काढला आणि कुठे कुठे एखादं अक्षर बदललंय ते मोजलं. अशा एका अक्षराच्या फरकाला 'स्निप' म्हणतात.

चित्र स्पष्ट निघालं. नमुने चार घराण्यांत विभागले गेले : दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी. एका घराण्याच्या आत सगळे जवळजवळ एकमेकांच्या प्रती, आणि दोन घराण्यांमध्ये हजारो स्निपचं अंतर. जर ही बुरशी एखाद्या देशात उपटली असती आणि विमानांतून जगभर गेली असती, तर सगळीकडचे नमुने एकमेकांच्या निकट दिसायला हवे होते. तसं नव्हतं. चार वेगवेगळ्या खंडांत, फार पूर्वी फुटलेल्या चार शाखा, साधारण एकाच काळात रुग्णालयांमध्ये शिरल्या होत्या.

पण मग ती पूर्वीपासून सगळीकडे होती आणि आपण तिला दुसऱ्या नावाने हाक मारत होतो, असं नसेल? डब्लिनची गोष्ट वाचल्यावर हा प्रश्न पडतोच. त्यांनाही पडला. जगभरातून २००४ ते २०१५ दरम्यान जमवलेल्या कॅन्डिडाच्या पंधरा हजारांहून जास्त नमुन्यांचा संग्रह त्यांनी चाळला. त्यात फक्त चार ऑरिस सापडल्या. म्हणजे कोरियासारखे तुरळक जुने नमुने सोडले, तर रुग्णालयांमधला तिचा सुळसुळाट खरोखरच नवा होता. या सगळ्या शोधनिबंधातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. चार घराण्यांचा तक्ता पुढे सगळ्यांनी छापला, ही जुनी दप्तरं चाळण्याची मेहनत फारशी कोणी सांगत नाही.

त्याच निबंधातले दोन आकडे मात्र विसरू नयेत असे. ९३ टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देत नव्हते. आणि ज्या ४१ रुग्णांची माहिती मिळाली त्यातले ५९ टक्के दगावले. ते आधीपासूनच खूप आजारी होते, मधुमेह, शस्त्रक्रिया, नसेत घातलेली नळी. प्रत्येक मृत्यू बुरशीच्याच खात्यावर मांडता येणार नाही. तरीही आकडा छोटा नाही.

घराणं कळल्याने फायदा काय, असं कोणी विचारेल. पहिला फायदा औषधांचा. फ्लुकोनॅझोलला न जुमानण्याची क्षमता एका जनुकातल्या बदलांतून येते, आणि कोणता बदल कोणत्या घराण्यात येतो याचा एक साचा दिसतो. पूर्व आशियाई घराणं त्या मानाने गरीब. ते बहुतेक वेळा कानातच सापडतं, औषधांना बऱ्याचदा ऐकतं. टोकियोचा कान हा त्याचा. शांत घराण्याला पहिलं नाव मिळालं आणि रुग्णालयांना धडकी भरवणारी तिन्ही घराणी नंतर आली.

दुसरा फायदा साथ शोधण्याचा. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांमध्ये ही बुरशी सापडली. त्यातले ६६ मेंदूच्या विकारांच्या आयसीयूत राहून गेलेले. जीनोम वाचल्यावर सगळे आफ्रिकी घराण्याच्या एकाच पुंजक्यातले निघाले. म्हणजे सत्तर वेगवेगळी माणसं सत्तर ठिकाणांहून बुरशी घेऊन आली नव्हती, ती याच इमारतीत फिरत होती. मग फिरवतंय कोण? भिंती, हवा यांतून फारसं काही सापडलं नाही. ती सापडली काखेत ठेवून ताप मोजायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या थर्मामीटरवर. ती उपकरणं काढून टाकल्यावर नवे रुग्ण घटले. एका रुग्णाच्या काखेतून दुसऱ्याच्या काखेत. इतकं साधं होतं ते.

आता नावांबद्दल. 'दक्षिण आशियाई घराणं' हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या कपाळावर आठी आली. २०१० सालचा एनडीएम-१ चा वाद काहींना आठवत असेल. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जिवाणूत औषधं निकामी करणारं एक विकर सापडलं आणि त्याच्या नावात नवी दिल्ली घालण्यात आली. आपल्याकडे त्यावर संताप उसळला, तो अगदीच निराधार नव्हता. पण ऑरिसच्या बाबतीत मी थोडा वेगळ्या मताचा आहे. इथे भूगोल कोणाला दोष द्यायला चिकटवलेला नव्हता, नमुने तपासून झाल्यावर तो त्यातून वर आला होता. अडचण पुढे झाली. न्यूयॉर्कमध्ये सापडलेल्या बहुतेक नमुन्यांचं नातं दक्षिण आशियाई घराण्याशी निघालं आणि शिकागोच्या भागातल्यांचं दक्षिण अमेरिकी घराण्याशी. आता ती न्यूयॉर्कच्या रुग्णालयांतच एकापासून दुसऱ्याला होत होती. तिला दक्षिण आशियाई म्हणत राहणं म्हणजे तीन पिढ्या पुण्यात राहिलेल्या माणसाला 'मूळ गाव कुठलं?' विचारत राहण्यासारखं. आता पुष्कळ जण नुसते क्रमांक वापरतात : क्लेड एक, दोन, तीन, चार. ते मला बरं वाटतं.

क्रमांक वापरायचा आणखी एक फायदा म्हणजे ते वाढवता येतात. इराणमध्ये एका रुग्णाच्या कानात पाचवं घराणं सापडलं, बाकीच्यांपासून दोन लाखांहून जास्त स्निप दूर. त्या व्यक्तीने कधी इराणबाहेर पाऊल ठेवलेलं नव्हतं. अलीकडे सिंगापूर आणि बांगलादेशातून सहावंही नोंदलं गेलं आहे. दरम्यान, ३०० हून अधिक जीनोम वापरून केलेल्या एका अभ्यासाने पहिल्या चार घराण्यांचं वय काढलं. प्रत्येक घराण्यातल्या आजच्या नमुन्यांचा समान पूर्वज गेल्या चारेक शतकांच्या आतला निघाला. आणि रुग्णालयांत फैलावणाऱ्या शाखा तर १९८० च्या दशकाच्या आसपास फुटलेल्या.

तोपर्यंत ती होती कुठे? २०१९ मध्ये आर्तुरो कासादेवाल आणि दोन सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला. बहुतेक बुरशांना आपल्या शरीराची ३७ अंशांची ऊब सोसत नाही, तीच आपली ढाल आहे. पृथ्वी तापत असताना निसर्गातल्या एखाद्या बुरशीला उष्णतेची सवय झाली, तर ही ढाल तिच्यापुरती निकामी होते. ऑरिस ४२ अंशांनाही वाढते. तर्क आकर्षक आहे. पण तापमान तर सगळीकडेच वाढतंय, मग हीच बुरशी का, आणि तेव्हाच का, हे नुसत्या तापमानाने सुटत नाही. त्या लेखाच्या शीर्षकात पाणथळ जागांचाही उल्लेख होता.

दोन वर्षांनी अनुराधा चौधरी यांच्याच गटाने अंदमानच्या किनाऱ्यांवरची माती आणि पाणी तपासलं. माणसांची वर्दळ नसलेल्या एका खाऱ्या पाणथळ जागेत आणि एका वाळूच्या किनाऱ्यावर ऑरिस मिळाली. रुग्णालयाबाहेर, उघड्या निसर्गात ती पहिल्यांदाच सापडत होती. जीनोम वाचला, तर सगळे नमुने पहिल्या घराण्याचे. त्यात पाणथळ जागेतला एक नमुना वेगळा होता. तो औषधांना दाद देत होता आणि जास्त उष्णतेत बाकीच्यांपेक्षा सावकाश वाढत होता. रुग्णालयात शिरण्याआधीची ऑरिस अशी असेल का? तसं वाटायला जागा आहे. पण रुग्णालयांतून सांडपाण्यावाटे समुद्रात गेलेली बुरशीही किनाऱ्यावर मिळू शकते, आणि एका नमुन्यावर इतिहास उभा राहत नाही. नंतर त्याच गटाला उत्तर भारतातल्या साठवून ठेवलेल्या सफरचंदांच्या सालीवरही ती मिळाली.

इकडे आयसीयूत तिचं काम सुरूच होतं. भारतातल्या २७ आयसीयूंच्या एका पाहणीत, २०११-१२ मध्येच, रक्तातल्या कॅन्डिडा संसर्गाच्या १४०० रुग्णांपैकी ७४ जणांमध्ये ऑरिस निघाली होती. २०२० च्या एप्रिल ते जुलैत दिल्लीतल्या एका कोविड आयसीयूत दाखल झालेल्या ५९६ रुग्णांपैकी १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली, त्यातल्या १० जणांमध्ये ऑरिस. आपण तेव्हा ऑक्सिजनचे आकडे बघत होतो.

मधल्या काळात खुणाही बदलल्या. संपूर्ण जीनोम वाचणं ही आजही सर्वांत खात्रीची पद्धत, पण त्याला यंत्र लागतं, पैसा लागतो, आलेली अक्षरं समजून घेणारा माणूस लागतो. म्हणून २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी इतरांच्या साथीने एक सुटसुटीत संच तयार केला. त्यात ऑरिसच्या जीनोममधल्या काही ठरावीक जागा बघायच्या, जिथे दोन-तीन किंवा जास्त अक्षरांचा तुकडा एकापाठोपाठ अनेकदा येतो. तो कुठे किती वेळा आला एवढं मोजायचं. प्रत्येक नमुन्यासाठी आकड्यांची एक ओळ मिळते, फोन नंबरसारखी. ती ईमेलने पाठवता येते, दुसऱ्या शहरातल्या ओळीशी ताडता येते. जेफ्रीज यांनी माणसांत बघितलेल्या पुनरावृत्तींचीच ही धाकटी भावंडं.

२०२४ मध्ये वर्गीकरण करणाऱ्यांनी या बुरशीचं पहिलं नावही बदललं. आता ती कॅन्डिडोझायमा ऑरिस. डॉक्टर मंडळी सवयीने जुनंच नाव घेतात. कानाचं नाव मात्र दोन्हींत तसंच आहे, जरी आज ती कानापेक्षा काखेत, जांघेत आणि रक्तात जास्त शोधली जाते.